सोहनलालजींचे चार मीटर

सावद्याच्या बाजारात सोहनलालजींचं कापडाचं दुकान आहे आणि समोरच्या ओट्यावर माझं, म्हणजे फारुख टेलरचं, मशीन. चाळीस वर्षांत या माणसाने कुठलीही गोष्ट पहिल्या सांगितलेल्या आकड्यावर मान्य केलेली मी पाहिली नाही. डॉक्टरने दहा दिवस गोळ्या सांगितल्या की हे सातवर आणतात. वय अठ्ठ्याहत्तर, पण विचारलं तर बोलणी बहात्तरपासून सुरू.

परवा जैन स्थानकात म्हाताऱ्यांची तपासणी होती. साठी उलटल्यामुळे मीही रांगेत होतो. फैजपूरची मिसबाह नावाची नर्स जमिनीवर चार मीटर आखून एकेकाला चालायला लावत होती. हातात घड्याळ. ज्यांची चाल मंदावते त्यांची पुढची वर्षंही बहुधा कमी भरतात, असं तिने समजावलं. झालं, सोहनलालजींनी दुकानातला लोखंडी मीटर मागवला आणि आधी जमीन मोजून घेतली.

मग चालले.

"सहा सेकंद," मिसबाह म्हणाली.

"सहा जास्त होतात, बेटी. पाच लाव."

"काकाजी, हे घड्याळ सांगतंय, मी नाही."

"बरं, साडेपाच. जुना माणूस आहे मी."

पोरगी काही बधेना. तेव्हा धोतराचा सोगा खोचून ते पुन्हा चालले, खरं तर पळालेच, आणि पाच सेकंदांत पोचले. मग अशा तोऱ्यात त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं की मला हसू आवरेना.

पुढचा नंबर त्यांच्या पत्नीचा, राजकुंवरबाईंचा. गुडघे पार गेलेले. भिंतीला हात लावत लावत त्या चालल्या. नऊ सेकंद. मिसबाह लिहायला लागली, तर सोहनलालजींनी कागदावर हात ठेवला.

"माझे पाच, हिचे नऊ. दोघांचे सात-सात कर."

"असं वाटून देता येत नाही, काकाजी. आणि हा नुसता अंदाज असतो. व्यायाम केला तर काकूंची चाल सुधारेलही."

"सुधारेल तेव्हा सुधारेल. आजचं बोल."

त्यांचा आवाज कापत होता. घासाघीस करताना हा माणूस घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. मघाच्या हसण्याची मला लाज वाटली.

मिसबाहने नकारार्थी मान हलवली, तसे ते उठले. राजकुंवरबाईंचा हात धरून रेघेपाशी जाऊन उभे राहिले.

"आता लाव घड्याळ."

दोघं निघाले.

"अहो, लोक बघताहेत," राजकुंवरबाई पुटपुटल्या.

"बघू दे. तू खाली बघून पाऊल टाक."

दुसऱ्या रेघेवर मिसबाहने घड्याळ थांबवलं. "नऊ."

"दोघांचे?"

"दोघांचे."

"मग माझे पाच खोड," सोहनलालजी म्हणाले, "आणि नऊ लिही."