खंडेनवमीचा धोटा

संप बुडाला, गिरणी उघडली नाही, तरी आमच्या ह्यांची खंडेनवमी काही सुटली नाही. मागावर आडवा दोरा घेऊन पळणारा एक लाकडी धोटा त्यांनी संपाआधी घरी आणला होता. दर खंडेनवमीला पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी काम सांगायचं नाही, ही गिरणीतली रीत. आता ह्या धोट्याला एरवी तरी कुठलं आलंय काम! पण हे म्हणायचे, "भोंगा झाला की लागणारच आहे."

मी लालबागच्या त्या एका खोलीत लोकांचे डबे करत होते. सणवार नाही, आजारपण नाही. त्या लाकडाचा मला खरंच संताप यायचा. एकदा म्हटलं, "घाला चुलीत!" तर जेवणावरून उठून गेले.

लेक कलेच्या कॉलेजात शिकत होती. तिथे प्रदर्शन होतं: हजारो वर्षांनी कुणी लालबाग-परळ खणलं, तर आपल्या वस्तू बघून त्यांना काय वाटेल? तिने माझी कुकरची जुनी शिट्टी उचलली आणि बाबांकडे धोटा मागितला.

"जपून गं. लागणार आहे," हे म्हणाले. समोर गिरणी पाडून टॉवरचा पाया खणत होते. हे तिकडे पाठ करून बसायचे.

प्रदर्शन बघायला आम्ही दोघं गेलो. शिट्टीखाली लिहिलं होतं, 'युद्धाचा इशारा देण्याचे साधन.' हे कितीतरी वर्षांनी पोट धरून हसले. मग धोट्याखालचं मोठ्याने वाचू लागले: 'होडीच्या आकाराचा देव. कुंकवाचे थर पाहता याची पूजा अनेक वर्षे चालली असावी. देव पावल्याचा पुरावा मिळत नाही.'

लेक रडवेली झाली. "बाबा, गंमत म्हणून लिहिलं हो."

"बरोबरच लिहिलंयस," हे म्हणाले. "राहू दे तो इथेच."

त्या वर्षी खंडेनवमीला पाट रिकामा. मी ओट्याशी कणीक मळत होते, तर हे आले नि माझं लाटणं उचललं. धुतलं, पुसलं, पाटावर ठेवून हळदकुंकू लावलं.

"अहो, डबे राहिलेत!"

"पुजलंय. आज हात लावायचा नाही," हे म्हणाले. "डबेवाल्याला सांगून आलोय."

माझे डोळे भरून आले. मग तशीच पिठाच्या हातांनी भिंतीशी आडवी झाले, ती संध्याकाळपर्यंत झोपले.