चिंचेने घासलेली नाणी

निरोप आला तेव्हा मी माहेरी, तळेगावला, पापड लाटत होते. सासरच्या शेजारचे काका लोणावळ्याहून गाडीने आले आणि दारातूनच म्हणाले, "निघा. तुमचे थोरले दीर गेले." मी विचारलं काय, तर "जेवले होते का?" असल्या वेळीही मला स्वयंपाकच सुचला. भावोजींची बायको ऐन तरुणपणी गेली, तेव्हापासून ते आमच्याकडेच असत. पंधरा वर्षं माझ्या हातचं जेवले. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. त्यांच्याबद्दल चांगलं सांगणारे पुष्कळ आहेत. मला मात्र एक कबुली द्यायची आहे.

भावोजी टपाल वाटत. पवन मावळातली गावं पायी पालथी घालायची, पत्र द्यायचं आणि वाचूनही दाखवायचं, कारण बहुतेक घरांत वाचणारं कुणी नसे. कुणी दूध पुढे केलं तर घेत नसत. मग एकाने नांगराला लागलेलं जुनं नाणं आणून दिलं आणि तिथून त्यांना हे वेड लागलं. वेड हा शब्द माझा. शिशाची, काळपट, मातीने माखलेली ती नाणी ते कापडाच्या तुकड्यांत एकेक गुंडाळून ठेवत. उचलायची ती फक्त कडेला धरून. एकदा मला एक दाखवलं. "उमा, हा हत्ती बघ. सोंड वर केलीय." मला नुसती माती दिसली. तरी म्हटलं, "दिसतोय हो."

मोठी लढाई सुरू होण्याआधीची ही गोष्ट. मुंबईचे एक विद्वान गृहस्थ मावळातल्या जुन्या नाण्यांवर पुस्तक लिहीत होते. भावोजींनी भीतभीत त्यांना पत्र धाडलं. उत्तर आलं... दिवाळी झाली की येतो, नाणी तुम्ही लिहिता तशी निघाली तर तुमच्या नावासकट छापतो. ते पत्र त्यांनी आम्हाला तीनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांची पत्रं वाचण्यात जन्म गेलेल्या माणसाचं स्वतःचं नाव पुस्तकात येणार होतं. स्वतःसाठी त्यांनी काही मनात धरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

लक्ष्मीपूजनाला घरातली नाणी चिंचेच्या कोळाने आणि राखेने घासून चौरंगावर मांडायची, ही आमच्याकडची रीत. भावोजी टपाल घेऊन गेले होते. मला वाटलं, यांचीच नाणी तेवढी देवीपुढे काळी कशी ठेवायची? शिवाय पाहुणे येणार, त्यांनाही बरं वाटेल. बसले काथ्या घेऊन. घासण्याची मला भारी हौस; सासूबाई म्हणायच्या, ही एक दिवस भिंतीही घासून पातळ करील. माती निघाली तसा तो हत्ती मला पहिल्यांदा दिसला. खरंच सोंड वर केलेली होती. मला इतका आनंद झाला की तो आणखी उजळावा म्हणून मी आणखी जोर लावला. शिसं मऊ असतं हे मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी ते आले आणि चौरंगापाशी थबकले. "किती घासलीस?"

"सगळी."

ते पाय धुवायला गेले आणि पूजेला येऊन बसले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. भिंगातून एकेक नाणं बघून खाली ठेवत गेले. मी पोह्यांच्या बश्या घेऊन दाराआड उभी. "मातीसकट तशीच ठेवली असतीत, तर अमोल होती हो. आता हे नुसतं शिसं. कुणी घासली?"

"मीच," भावोजी म्हणाले.

"इतकी वर्षं नाणी जमवता आणि एवढंही कळू नये?"

"चुकलं."

मला आत जाऊन फक्त दोन शब्द बोलायचे होते. थोरल्या दिरांसमोर, परक्या पुरुषासमोर कसं बोलायचं, असं मी स्वतःला समजावलं. खोटं होतं ते. मी घाबरले होते. नंतर एकदा विषय काढला, तर म्हणाले, "तू देवासाठी केलंस. मीच तुला आधी सांगायला हवं होतं." पुढे बाजाराच्या दिवशी एक म्हातारी पदरात नाणं बांधून घरी आली. "भाऊ, वावरात घावलंय. तुमच्यासाटी जपून ठेवलंतं." भावोजींनी ते हातातही घेतलं नाही. "आता नको मावशी. मला त्यातलं कळत न्हाई." ती बिचारी माझ्याकडे बघत राहिली. मी भाजी निवडत बसले.

तेरावा झाल्यावर त्यांची खोली आवरायला घेतली. पेटीत गणवेशाखाली एक पुस्तक निघालं. त्या गृहस्थांचंच. कधी आलं, कधी वाचलं, आम्हाला पत्ता नाही. एका पानात टपालाची सुतळी घातलेली होती. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, की मावळातली काही दुर्मीळ नाणी एका अडाणी संग्राहकाने घासून कायमची नासवली... आणि पुढे भावोजींचं नाव, संपूर्ण, वडिलांच्या नावासकट.

हे वाचून ते स्वयंपाकघरात आले असतील, पाटावर बसले असतील आणि मी वाढलेलं जेवले असतील.

मी दौत-टाक आणला आणि ते नाव खोडून तिथे माझं लिहिलं. पण ती झाली आमच्या घरातली एक प्रत. बाकीच्या प्रती कुठे कुठे, कुणाच्या कपाटांत असतील मला माहीत नाही. तुमच्याकडे असेल, तर कृपा करून तेवढं दुरुस्त करा. नाणी मी घासली. माझं नाव उमा.