जड का हलकं?

चौथीपर्यंतच शिकले मी. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. कुणाच्या हाती ही पानं पडलीच तर सांभाळून घ्यावं.

आमचे हे खंडाळ्याच्या रस्त्यावर, घराला लागूनच्या गाळ्यात गाड्यांचं वायरिंगचं काम करायचे. पॉवर स्टिअरिंगचा बिघाड आला की मला हाक मारायचे. हे मीटरच्या वायरी धरून बॉनेटखाली वाकायचे, मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवायची. स्टिअरिंग हलकं ठेवणाऱ्या मोटरला जोर लागला की करंट कुठं कमी पडतो ते कळतं, आणि एकट्याला दोन्ही जमत नाही. मला गाडी येत नाही. गिऱ्हाइकांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. पण ह्यांनी "जड का हलकं?" विचारलं की तेवढं मात्र मी मोठ्यानं सांगायची.

मग ह्यांच्या किडन्या गेल्या. शेजारचे सोपानभाऊ आपल्या प्रवासी गाडीतून आम्हाला तळेगावला डायलिसिसला न्यायचे. नेमकं त्याच गाडीचं स्टिअरिंग मधूनच जड व्हायचं, समोर पिवळा दिवा लागायचा. बंद करून चालू केली की बिघाड गायब. ह्यांनी फ्यूज पाहिले, बॅटरीची टोकं घासली, अर्थिंगची वायर नवी टाकली. काही सापडेना.

"मोटरच बदलू की दादा."

"खात्री हुईस्तोवर न्हाई. घाटात तुज्या गाडीत लोकांची पोरंबाळं आसत्यात, सोपान."

"घ्या! सोताची मोटर मशिनीवर, आन काळजी माज्या मोटरीची!"

हे खूप हसले. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

शेवटच्या खेपेला परतताना कामशेतजवळ दिवा लागला. "बंद करू नगं! बाजूला घे," हे ओरडले. मीटर घेऊन उतरले. मी सीटवर बसले.

"जड का हलकं?"

"जड..."

"मोटरच्या कंट्रोल पेटीपातुर करंट पुरा येतोय. आता पेटीतनं म्होरं मोटरला..."

बोलता बोलता हे बॉनेटला धरून खाली बसले. सोपानभाऊंनी इंजिन बंद करून ह्यांना उचलून आत घेतलं आणि गाडी पुन्हा तळेगावकडे वळवली. स्टिअरिंग हलकं झालं होतं... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

परवा सोपानभाऊ गाळ्यापुढे येऊन थांबले. इंजिन चालूच होतं. "वहिनी, दिवा लागलाय! बंद केली न्हाई म्या."

मी गाळा उघडून मीटर दिला आणि सीटवर जाऊन बसले. भाऊंनी बॉनेट उघडलं. दोन्ही वायरी हातात धरून ते नुसतेच उभे राहिले. त्या कुठं लावायच्या ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नाही.

मी स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी मोठ्यानं म्हटलं, "जड."