नुसतं फिरायला

रोज तीच वाट चालून नवीन असं काय घडणार, असं जे विचारतात ते कधी चाललेले नसतात. आम्ही चौघी बायका रत्नागिरीत वर्षानुवर्षं रोज सकाळी एकाच वाटेने चाललो, आणि किस्से इतके साठले की आता कुठला आधी सांगू असं होतं. परवा नातसून मला म्हणाली, "आजी, रोज थोडं चालत जा हं, हेल्थला चांगलं असतं!" मला सांगते! अगं, चालण्यापायी आम्ही जेवढी बोलणी खाल्ली तेवढं टॉनिक तुम्ही जन्मात प्यायला नसाल!

आमचा तो काळ एकोणीसशे तिसाच्या आसपासचा. पुरुष खांद्यावर उपरणं टाकून बंदरावर फिरायला गेला की ती प्रकृतीची काळजी. बाई गेली की घरात काम नाही वाटतं! बाईच्या हातात काहीतरी हवंच. कळशी नाहीतर पूजेचं तबक, तेही नसेल तर शेजारणीची परत द्यायची वाटी. आळीतल्या प्रत्येक पडवीवर कोणीतरी बसलेलं, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, "कुठं गो निघालीस?"

शिवाय वहाणांची भानगड. वडीलधाऱ्यांच्या पुढून बाईने पायात वहाणा घालून जायचं नाही. काढायच्या, पदराखाली धरायच्या, आळी संपून कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा आला की पायात सरकवायच्या. चांगल्या कातड्याच्या वहाणा आम्ही निम्मा जन्म हाताला घातल्या!

* * *

हे सगळं सुरू झालं सुशीलामुळे. ती आमच्या समोरच्या अण्णांची धाकटी सून. नवरा मुंबईला नोकरीला, ही इथे सासू-सासऱ्यांपाशी. तिची मोठी जाऊ खोकून खोकून गेली होती, माजघराशेजारच्या काळोख्या खोलीत, खिडकी बंद करून. वारा लागेल म्हणून! आता सुशीलाला तसाच खोकला लागला होता, आणि अंथरूण घातलं होतं त्याच खोलीत.

डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "औषध थोडं पुरे. हिला उघडी हवा हवी आणि रोज चालणं हवं. इथे कोंडून ठेवायची असेल तर मला पुन्हा बोलावू नका."

अण्णा कचेरीतून पेन्शनीत निघालेले. स्वतःच्या तब्येतीला भारी जपणारे. तांब्याच्या भांड्यातलं पाणी, कडुनिंबाची काडी, घास बत्तीस वेळा चावायचा, आणि रोज मांडवीच्या बंदरापर्यंत फेरी. त्यांच्या वहाणा अशा करकरायच्या की आवाज आला की अख्ख्या आळीतल्या बायकांचे पदर डोक्यावर आणि वहाणा हातात! असा हा माणूस डॉक्टरांना म्हणाला, "सुनेने फिरायचं? आमच्या घरात तशी रीत नाही."

तेव्हा यमूताई पुढे झाली. यमूताई मुलींच्या शाळेत मास्तरीण, लहानपणीच कपाळ पांढरं झालेली, आणि शाळेत मुलींकडून ड्रिल करून घेणारी. तिने अण्णांच्या पडवीत उभं राहून सांगितलं, "सुशीलाला किल्ल्यावरच्या भगवतीला नेत्ये. रोज. चालत."

देवीला नाही कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी सोबतीला मीही निघाले, आणि आम्हा तिघींच्या हातात तबकं आली.

* * *

चौथी आमची भीमावहिनी. नवऱ्याच्या आंब्याच्या बागा, स्वभाव मोकळा आणि देह ऐसपैस. वजन उतरवायचं म्हणून ती आमच्यात आली. किल्ल्याच्या चढावर धापा टाकायची, पण तबक सोडायची नाही. महिनाभर चालली, तरी चोळ्या घट्टच होत चालल्या!

एक दिवस यमूताईने तिच्या तबकातली जास्वंदीची फुलं उचलली. खाली ओल्या खोबऱ्याच्या वड्या!

"हे काय गो?"

"नैवेद्य."

"मग अर्धी वडी उष्टी कशी?"

भीमावहिनीने देवळाच्या कळसाकडे बघून हात जोडले. "घेतली असेल हो तिनंच चव!"

* * *

चार बायका रोज किल्ल्यावर जातात म्हणजे काहीतरी जबर नवस असणार, अशी बातमी गावभर झाली. कसला, ते जो तो आपापल्या बुद्धीने ठरवायचा. आम्ही कोणाला काही सांगितलं नाही. खरं सांगितलं असतं तर घरी बसावं लागलं असतं!

मग पालीहून भीमावहिनीची एक नणंद आली. गुडघे धरलेले, उठताना "आई गो", बसताना "आई गो". म्हणाली, "मला तो नवस सांगा. कडक असला तरी करीन."

यमूताई गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "सोपा आहे. रोज सकाळी देवीला चालत जायचं, वाटेत बसायचं नाही आणि माणसांबद्दल वाईट बोलायचं नाही."

ती बाई पाव वाटेला बसली, मग अर्ध्या वाटेला, मग हळूहळू देवळापर्यंत पोचली. आंब्याचा मोसम संपेपर्यंत राहिली. जाताना टुणकन बैलगाडीत चढली, आणि आम्हा चौघींना एकेक नारळ देऊन गेली. वर म्हणाली, "देवी पावली हो! फक्त ते माणसांबद्दल बोलायचं नाही, तेवढं काही जमलं नाही."

* * *

गावातले एक वकील बंदराच्या रस्त्याला भेटायचे. सुटलेलं पोट, वर रेशमी उपरणं. आम्हाला बघून एकदा सोबतच्या मंडळींना ऐकू जाईल असं म्हणाले, "बायकांनी एवढं चालून कमवायचंय तरी काय?"

मी मुकाट पुढे निघाले होते. यमूताई थांबली. वकिलांच्या पोटाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आम्हाला कमवायचं नाही. तुम्ही कमावलंत तेवढं आमच्याकडे येऊ नये, एवढंच बघतो!"

वकील त्या दिवसापासून दुसऱ्या रस्त्याने जायला लागले. तो लांबचा होता. त्यांचीही तब्येत सुधारली म्हणतात.

* * *

भाट्याकडून मासळी घेऊन येणारी एक कोळीण आम्हाला रोज आडवी जायची. डोक्यावर पाटी, चाल अशी की मागे धावावं लागेल. एकदा तिने विचारलंच, "बायांनो, खंय चाललाव?"

"फिरायला," मी हळूच म्हटलं. तिच्याशी खोटं बोलावंसं वाटलं नाही.

"फिरून मग?"

"मग घरी."

"म्हंजे हितनंच निघायचं, नि परत हितंच यायचं?" तिने पाटी सावरली. "मंग माजी पाटी तरी घेवा! जाताव तशा रिकाम्या कशाला!"

आम्ही हसलो. यमूताईने हसता हसता खरोखरच पाटी घेतली आणि डोक्यावर ठेवून बाजाराच्या तोंडापर्यंत नेली! बांगडे होते. ज्यांनी बघितलं त्यांनी पुढे कितीतरी दिवस यमूताईच्या हातचं पाणी घेतलं नाही.

"बरं झालं," यमूताई म्हणाली. "तेवढी कळशी कमी भरावी लागते."

* * *

असं वर्ष गेलं. सुशीलाचा खोकला गेला, गालावर मांस आलं, आणि ती चढावर आमच्या पुढे पळायला लागली. ते बघून मला इतकं बरं वाटायचं की चढाचा त्रास जाणवायचा नाही.

आणि एके सकाळी अण्णा तिला म्हणाले, "बरी झालीस. नवस पुरा झाला. आता पुरे देवीला जाणं."

स्वतः मात्र काठी उचलून, वहाणा करकरवत बंदरावर गेले.

सुशीला यायची थांबली. आम्ही तिघी तिच्या घरावरून जायचो. थोडे दिवस काही ऐकू आलं नाही. मग एक दिवस त्या बंद खिडकीमागून खोकला ऐकू आला. जावेचा होता तसा, कोरडा. भीमावहिनी रस्त्यातच रडायला लागली. मला रडू आलं नाही, संताप आला. त्या पडवीवर चिरा भिरकावावा असं वाटलं. अण्णांची बायको माई तिथेच केर काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. माईंना मी कधी विहिरीपलीकडे गेलेलं बघितलं नव्हतं, आणि नवऱ्यापुढे तोंड उघडलेलं तर अख्ख्या आळीने ऐकलं नव्हतं.

* * *

आठेक दिवसांनी सुशीला बाहेर आली. हातात तबक नाही. डोक्यावर पदर, आणि वहाणा पायात. अण्णांच्या समोर, पायात! मी तबक घेऊन समोरच्या दारातून बघत होते.

"कुठं निघालीस?" अण्णांनी विचारलं.

"कुठं नाही, मामंजी. नुसतं फिरायला."

एवढंच बोलून ती पायऱ्या उतरली. अण्णांचं तोंड उघडं राहिलं ते आम्ही गडग्यापर्यंत पोचलो तरी मिटलं नसावं. आम्ही आमची तबकं त्या दिवशी गडग्यावर ठेवली ती कायमची. भीमावहिनीने आधी वड्या तेवढ्या काढून घेतल्या.

पण अण्णा कचेरीत मुरलेला माणूस. भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुशीलाच्या वहाणा गायब! कुठे गेल्या, कोणाला माहीत नाही. कोणी विचारायचं नाही.

सुशीला अनवाणी आली. कातळावरची वाट, त्यात करवंदीची जाळी. परतताना तळव्यात हा मोठा काटा मोडला. पाय सुजला. लंगडत घरी पोचली तेव्हा अण्णा पडवीवर बसले होते.

"बघितलंस?" ते म्हणाले. "रीत असते ती उगाच नसते."

माईंनी काटा काढला, हळद भरून चिंधी बांधली.

आम्हाला वाटलं, संपलं. आता पुन्हा ती खोली आणि ती खिडकी.

* * *

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही तिघी गडग्यापाशी उभ्या होतो. निघायला जीव होत नव्हता. नुकत्याच वहाणा पायात घातल्या होत्या, तोच आळीतून आवाज आला. करकर, करकर.

अण्णा! सवयीने आम्ही पदर ओढले, वहाणा काढल्या, पदराखाली लपवल्या आणि खाली माना घालून गडग्याला चिकटलो. यमूताईसुद्धा! करकर जवळ आली आणि आमच्या पुढ्यात येऊन थांबली. मी जमिनीकडे बघत होते. पुढ्यात अण्णांच्या वहाणा होत्या. त्यातल्या एकीत हळदीची चिंधी बांधलेला पाय होता.

वर बघितलं तर सुशीला! आणि तिच्या मागे माई. अनवाणी, हात रिकामे, पदर घट्ट खोचलेला.

"अशा काय उभ्या गो?" माई म्हणाल्या. "घाला वहाणा. मोठ्या असल्या की चिंधीसकट पाय बसतो, म्हणून हिला या दिल्या मी."

"आणि तुम्ही, माई?" भीमावहिनीने विचारलं.

"मी येत्ये अशीच. मला काट्यांची सवय आहे."

त्या दिवशी आम्ही पाच जणी किल्ल्यावर गेलो. सुशीलाच्या पायात करकर वाजत होतं, आणि पुढच्या आळीतल्या बायका एकामागून एक दारात येऊन, पदर सावरून आमच्याकडे बघत होत्या. कोणीही विचारलं नाही, कुठं निघालात.

इकडे आमचे हे पाण्याची कळशी घेऊन अण्णांच्या पडवीवरून येत होते. अण्णा उपरणं घालून, काठी हातात घेऊन, जायच्या तयारीत बसलेले.

"काय अण्णा," यांनी विचारलं, "आज फिरायला नाही?"

अण्णांनी उघडे पाय धोतराखाली ओढून घेतले.

"नाही," ते म्हणाले. "आज आमच्याकडून मंडळी गेली आहेत."