जावयाच्या टीमचा नवा कोच

आमच्या मुलीने अमेरिकेतल्या मुलाशी लग्न केलं. अमेरिकेत नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या मुलाशी नव्हे, तिथल्याच मुलाशी. लग्न इथे, नागपुरात, विहारात झालं. पांढरा कुडता घालून तो भन्तेजींसमोर मांडी घालून बसला. विधी संपल्यावर ती मांडी सोडवायला माझ्या दोन पुतण्यांना हात द्यावा लागला. मुलगा चांगला होता, याबद्दल नातेवाइकांत दुमत नव्हतं. फक्त त्याच्याशी बोलायचं काय, हे कोणालाच कळत नव्हतं.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल यायचा. मुलगी आधी आईशी बोलायची, मग माझ्याशी, आणि मग फोन फिरवून नवऱ्याकडे धरायची. मी विचारायचो, तिकडे थंडी किती. तो सांगायचा. तो विचारायचा, तिकडे ऊन किती. मी सांगायचो. मे महिन्यात मी जिंकायचो, जानेवारीत तो. मग आम्ही दोघंही माना हलवायचो आणि मुलगी फोन परत घ्यायची. मी पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक होऊन निवृत्त झालो. माझं इंग्रजी सगळं पत्रव्यवहाराचं. लिहायला बसलो तर चार पानं लिहीन, पण समोर माणूस आला की 'विषयांकित प्रकरणी' याच्यापुढे गाडी सरकत नाही.

असं दोन वर्षं चाललं. मग एकदा मुलगीच म्हणाली, "बाबा, त्याला त्याच्या टीमबद्दल विचारा ना. फुटबॉलच्या."

पुढच्या रविवारी मी विचारलं. तो खुर्चीत सरळ झाला आणि बोलायला लागला. त्यातलं मला एवढंच कळलं, की टीमने नवा 'ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर' आणला आहे. ऑफेन्सिव्ह हा शब्द मला नोकरीत एकदाच भेटला होता, एका उपअभियंत्याच्या भाषेबद्दल महिला कर्मचाऱ्यांनी दिलेल्या तक्रारीत. म्हणून मी सहानुभूतीने म्हणालो, की अशा माणसाची वेळीच बदली केलेली बरी. जावयाने थोडा विचार केला. म्हणाला, आमच्या शहरात पुष्कळ लोकांचं हेच म्हणणं आहे, पण मला वाटतं त्याला थोडा वेळ द्यायला पाहिजे.

त्या दिवशी पहिल्यांदा आमचं बोलणं थंडीच्या पुढे गेलं.

नंतर मुलीने मला वेगळा फोन करून समजावलं. हा फुटबॉल आपला नाही. डोक्यात हेल्मेट घालून खेळतात आणि चेंडू बहुतेक हातानेच फेकतात. चढाई करणारे खेळाडू वेगळे, अडवणारे वेगळे. चढाईवाल्यांचे डाव आखायला एक वेगळा कोच असतो. त्याला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही सरकलं तर चेंडू दुसऱ्याकडे. "एवढं कळलं तरी पुष्कळ झालं बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही माहिती मी बगिच्यात नेली.

हुडकेश्वरला आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, एक छोटा बगिचा आहे. सकाळी चार फेऱ्या मारून आम्ही तिघं एका बाकावर बसतो. एक निवृत्त पीटी मास्तर, मूळचे भिवापूरचे, ज्यांनी आयुष्यभर शाळेतल्या पोरांना कबड्डी शिकवली. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर. तिसरा मी. दोन महिन्यांपासून आमचा विषय गटाराचं झाकण हा होता, आणि नुकतंच ते झाकण बसलं होतं.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "हे तं कबड्डीच झाली. चढाईवाला, पकडवाले, हद्द. फक्त चेंडू जास्तीचा हाये."

"मंग त्या कोचावरून भांडण कायचं हाये?" कॅशियरनी विचारलं.

भांडण काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. मी पुढच्या रविवारी जावयाला विचारलं आणि लिहून घेतलं. टीमचा मुख्य फेकणारा पोरगा एका जागी उभा राहून लांब चेंडू टाकण्यात पटाईत. त्याचा हात जबरदस्त, पण पाय जड. नवा कोच आला तो अशा टीममधून, जिथला फेकणारा हरणासारखा पळायचा. त्यामुळे त्याचे सगळे डाव पळता पळता, झटपट, जवळ जवळ चेंडू देण्याचे. आता तेच डाव तो या जड पायाच्या पोराकडून करून घेत होता. अर्धं शहर म्हणत होतं, की डाव चांगला आहे, पोरगा शिकेल. अर्धं म्हणत होतं, की हा डाव या पोराच्या अंगाला बसतच नाही.

सोमवारी बाकावर लगेच दोन पक्ष पडले.

"शिकन ना," मास्तर म्हणाले. "काहून नाही शिकन? म्या असे असे पोट्टे पाह्यले, ज्याहिले सरळ चालता येत नव्हतं. त्याहिले जिल्ह्यावर खेळवलं."

"ते पोट्टे बारा वर्षांचे होते गा," कॅशियर म्हणाले. "हा तिशीचा मानूस हाये. आमच्या बँकेत कंप्युटर आला तवा मी चाळिशीचा होतो. शिकलो मी. पन तरीही नोटा हातानं मोजल्याबिगर मले झोप लागत नव्हती, हे माह्या बायकोले विचारा."

"मंग तुमचं म्हननं काय, कोच बदलवावा?"

"कोच नाही. डाव बदलवा. पोराचा हात हाये तं हाताचं काम द्या त्याले. पायाचं काहून मांगता?"

मी कोणाच्याच बाजूने नव्हतो. माझं काम दोन्हीकडचं म्हणणं पोचवण्याचं. रविवारी मी कॅशियरचा मुद्दा अमेरिकेत मांडायचो, सोमवारी जावयाचं उत्तर बाकावर आणायचो. जावई कोचच्या बाजूने होता, म्हणजे मास्तरांच्या. हे कळल्यावर मास्तरांचा जावयाबद्दलचा आदर वाढला. जावई आता आठवड्यात मध्येच मला डावांची चित्रं पाठवायला लागला. फुल्या, गोल आणि बाण. मी ती मोठी करून मास्तरांना दाखवायचो. ते चष्मा कपाळावर चढवून पाहायचे आणि म्हणायचे, "कोपरा रिकामा सोडला ह्यानं."

घरात बायको हे सगळं ऐकत होती. एका रविवारी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "त्या फेकनाऱ्या पोराचा खांदा दुखून राहिला, हे तुम्ही विचारलं. आपल्या पोरीचा दात दुखून राहिला, ते नाही विचारलं."

मी म्हणालो, दात तिने मला सांगितलाच नाही. ती म्हणाली, फोन मोकळा असता तर सांगितला असता. मी लगेच मुलीला दाताबद्दल मेसेज केला. तिने उत्तर पाठवलं की दात काढून झाला.

डिसेंबरात दोघं नागपूरला आले. पहिल्याच रविवारी सकाळी मी जावयाला घेऊन बगिच्यात गेलो. मुलगी दुभाषी म्हणून सोबत. मास्तरांनी त्याचा हात धरून बराच वेळ हलवला. कॅशियरनी "जय भीम" म्हटलं, त्याने बरोबर "जय भीम" म्हटलं आणि मग बाकावर बसायच्या आधीच कॅशियरनी विषय काढला. "त्याले विचार वं बाई, त्या पोराचे पाय जड हायेत हे त्याले मान्य हाये का नाही?"

मुलीने विचारलं. जावई म्हणाला, मान्य आहे. पण नवा डाव पायाचा नाहीच मुळी, वेळेचा आहे. चेंडू पटकन हातातून सुटला तर पळायची गरजच नाही.

"हे तोंडानं सांगून नाही समजत," मास्तर म्हणाले. "करून दाखवा लागते."

मास्तरांनी गळ्यातला टॉवेल काढला, त्याची घट्ट गाठ मारून चेंडू केला आणि जावयाच्या हातात दिला. मला अडवायला उभं केलं. कॅशियरना सांगितलं, तुम्ही झेलणारे, शिट्टी झाली की तिरपं पळायचं आणि झाडापाशी वळायचं. कॅशियर म्हणाले, मी या डावाच्या विरोधात आहे. मास्तर म्हणाले, म्हणूनच तुम्हाला घेतलं. पलीकडे हास्यक्लबच्या बाया हात वर करून हसत होत्या, त्या थांबल्या.

मास्तरांनी तोंडाने शिट्टी वाजवली. मी दोन पावलं पुढे गेलो आणि जावयाच्या अंगावर जाणं बरं दिसत नाही म्हणून थांबलो. जावयाने टॉवेल सोडला. खरंच, मी डोळा मिटून उघडेपर्यंत तो हातातून सुटला होता. कॅशियर झाडापाशी वळले, टॉवेल बरोबर त्यांच्या छातीशी आला, त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, "पकडला!" असं ओरडले आणि झाडाच्या आळ्याच्या विटेला अडखळून पडले.

टॉवेल त्यांनी सोडला नाही. म्हणूनच हात टेकवता आला नाही आणि मनगट अंगाखाली आलं.

बाया आता अजिबात हसत नव्हत्या. जावई सगळ्यांच्या आधी पोचला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, म्हणजे नेहमीपेक्षाही. तो एकसारखा सॉरी म्हणत होता. कॅशियर जमिनीवर बसल्या बसल्या मुलीला म्हणाले, "त्याले सांग वं, फेक चांगली होती."

आम्ही ऑटो केला आणि त्यांना हाडांच्या दवाखान्यात नेलं. रविवार असल्याने डॉक्टर यायला वेळ होता. मुलगी कॅशियरच्या बायकोला आणायला गेली, मास्तर चहा शोधायला. बाकड्यावर आम्ही तिघं उरलो. जावयाने आपलं जाकीट घडी करून कॅशियरच्या हाताखाली उशीसारखं ठेवलं आणि एक्स-रेची वेळ येईपर्यंत ते दोन्ही हातांनी धरून बसला. मी त्याला म्हटलं, आरामात बस. तो हलला नाही.

मग अचानक तो माझ्याशी बोलायला लागला. हळू हळू, मला समजेल असं. म्हणाला, माझ्या ऑफिसात गेल्या वर्षी सगळं बदललं. नवीन साहेब, नवीन पद्धत. मी दहा वर्षं जे काम चांगलं करत होतो, ते आता कोणाला नको आहे. रोज शिकतो आहे. जमेल असं वाटतं. कधी कधी नाही वाटत. तुमच्या मुलीला याची काळजी नको म्हणून तिला फार सांगत नाही.

मी चांगलं उत्तर द्यायला पाहिजे होतं. माझ्या तोंडून निघालं, "वुई आर इन रिसीट ऑफ युअर..." आणि पुढचा शब्द सुचेना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हसला आणि त्याने मान हलवली, पण थंडी-उन्हाच्या वेळी हलवायचा तशी नाही.

कॅशियरना इंग्रजी माझ्यापेक्षा बरं येतं हे मी विसरलो होतो. त्यांनी डोळे मिटलेले होते. ते तसेच म्हणाले, "त्याले सांगा, मलेही वाटे नाही जमन म्हनून. जमलं. पन येळ लागला." मग त्यांनी स्वतःच ते इंग्रजीत सांगितलं, मला संधी न देता.

हाड चिरलं होतं. प्लास्टर लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाच्या टीमचा सामना होता, तिकडे रविवारची रात्र, इकडे सोमवारची सकाळ. जावयाने लॅपटॉप आमच्या टीव्हीला जोडला. कॅशियर प्लास्टर गळ्यात अडकवून आले, मास्तर स्वेटर घालून आले. बायकोने पोह्यावर झणझणीत रश्श्याची तर्री घातली आणि स्वतःही येऊन बसली. तिला फेकणाऱ्या पोराचा खांदा पाहायचा होता. जावयाने तर्री दोनदा घेतली आणि डोळ्यांतलं पाणी पुसत सामना पाहिला, त्यामुळे टीम हरत असताना तो कशाने रडतो आहे ते नक्की सांगता येत नव्हतं. टीम हरली. शेवटच्या चढाईत पोराने कोचच्या डावाप्रमाणे पटकन चेंडू सोडला आणि तो झेलणाऱ्याच्या पाठीवर लागला. झेलणारा वळलाच नव्हता.

"मी तं वळलो होतो," कॅशियर म्हणाले.

ते दोघं जानेवारीच्या सुरुवातीला परत गेले. त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, माझा फोन वाजला. जावयाचा नंबर. रविवार नव्हता. मुलगी झोपली होती, त्याने स्वतःच लावला होता. त्याच्याकडे तेव्हा पहाट असणार. म्हणाला, कोचला काढलं. तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं. मी विचारलं, आणि तुझं ऑफिस? तो म्हणाला, तिथे मी अजून आहे. मग आम्ही बराच वेळ बोललो. माझं इंग्रजी पुष्कळ ठिकाणी अडलं, पण फोन कोणी परत मागितला नाही.

संध्याकाळी मी आणि मास्तर बातमी घेऊन कॅशियरच्या घरी गेलो. मास्तरांचं तोंड उतरलं होतं. "एका सालात काय समजते गा?" असं ते रस्ताभर म्हणत होते. मला वाटलं, कॅशियर खूश होतील. तीन महिने त्यांनी या माणसाच्या डावाला नावं ठेवली होती, आणि शेवटी टीमनेही तेच ठरवलं.

कॅशियर खाटेवर बसून डाव्या हाताने शेंगा सोलत होते. ऐकून त्यांचा हात थांबला.

"मी डाव बदलवा म्हटलं होतं," ते म्हणाले. "मानूस काढा नव्हतं म्हटलं."

त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला. कोणी घेतला नाही. कॅशियर म्हणाले, "आता नवा येईन. पुन्हा पहिल्यापासून शिकवन. त्या पोराचे पाहा हाल." मग त्यांनी शेंगांची बशी माझ्याकडे सरकवली आणि मी शेंगा सोलायला घेतल्या.