केळ्याची पट्टी, अंड्याची पट्टी

ठण्, ठण्, ठण्! लहानपणी माजिवड्याच्या शाळेत सुकडी वाटायच्या आधी बाई डब्यावर डाव आपटायच्या. माझी शाळा चौथीत सुटली, पण तो आवाज काही सुटला नाही. पुढे ठाकुर्लीच्या एका शाळेत मुलांना खिचडी वाढायला लागलो, तेव्हा डाव माझ्याच हातात आला. पातेल्याच्या बुडाला खरपुडी धरते ना, तसे तिथले किस्से साठत गेले.

खिचडी शिजवायच्या सुलभाताई. गळ्यात तुळशीची माळ. आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्यांना केळं. मला वाटलं, ताई आता काम सोडणार! ताईंनी शांतपणे गॅस पेटवला.

"मी पाणी उकळते. त्यात कोण पडलंय ते मी बघत नाही!"

तिसरीतला ओंकार अंड्याचा भक्त. एकदा तोंडात खिचडीचा हा एवढा घास, आणि म्हणतो, "काका, आज केळं. संकष्टीचा उपास आहे."

"अरे, मग खिचडी कशी चालली?"

"खिचडीला बाप्पा काही बोलत नाही. फक्त अंड्याचं विचारतो!"

शर्वरी केळंवाली, तिची मैत्रीण अल्फिया अंडंवाली. दोघी गुडघ्याला गुडघा लावून जेवायच्या. एक दिवस शर्वरीचे बाबा मोठ्या बाईंकडे आले. "आमच्या मुलीच्या ताटाशेजारी अंडं नको, मॅडम. एवढं तरी फेअर असावं."

तसे माणूस वाईट नव्हते. दुसऱ्याच दिवशी स्वतः नवी हिरवी बसायची पट्टी घेऊन आले. केळंवाले हिरवीवर, अंडंवाले जुन्या लालवर.

मग श्रावण लागला. अर्ध्याहून जास्त शाळा हिरवीवर! लालवर चारच पोरं, ऐसपैस. मोठ्या बाई म्हणाल्या, "काका, जरा सरकून बसायला सांगा ना त्यांना."

"कुठं सरकणार, बाई? इकडं भिंत, तिकडं अंडं!"

श्रावण संपला, गर्दी ओसरली. पण अल्फियाच लालवरून उठून हिरवीवर आली. "काका, मला केळं." दर आठवड्याला केळं. नजर मात्र अंड्यांच्या पातेल्याकडे.

एका अंड्याच्या दिवशी शर्वरी पाण्याची बाटली घरी विसरली. बाबा द्यायला आले. अल्फियाला हिरवीवर बघून त्यांनी विचारलं, "बाळा, तू अंडं खात नाहीस?"

"खाते की. मला खूप आवडतं."

"मग केळं का घेतलंस?"

"केळं घेतलं की शर्वरीजवळ बसता येतं, अंकल."

माझा डाव पातेल्यातच राहिला.

बाबा म्हणाले, "उठा रे सगळे जरा." हिरवीवरची पोरं ताटं सांभाळत उठली. त्यांनी पट्टी उचलली, शितं झटकली, नीट गुंडाळली आणि काखेत मारली.

"बाबा, आता आम्ही कुठं बसायचं?" शर्वरीने विचारलं.

त्यांनी तिची बाटली लाल पट्टीवर ठेवली, आणि फाटकाबाहेर निघून गेले.