आपोआप झालेली परदेशी

अकरा वर्षांच्या एका मुलीला मी जप्ती पंचनाम्यात 'सदर इसम' असं लिहिलेलं आहे. नातवंडांना हे सांगते तेव्हा ती लोळून हसतात, मीही हसते. पण त्या तीन दिवसांत त्या मुलीच्या घरचं कुणी हसत नव्हतं. 

२००२-०३चा सुमार. कोल्हापुरातल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होते. खात्यात पंधरा वर्षं काढलेली, त्यामुळे माणूस पाहताक्षणी आपल्याला कळतो असा माझा पक्का समज. वर्दीची इस्त्री कडक आणि डोकं त्याहून कडक.

बुधवारी दुपारी फोन आला. शाहूपुरीतला एक तिकीट एजंट, आमचा जुना खबऱ्या.

"मॅडम, एक बाई बसलीया माझ्याकडं. संगट पोरगी हाय. पोरीचे पासपोर्ट दोन हायत बघा. एक आपला, एक अमेरिकेचा, कोरा करकरीत. कायतरी झोल हाय."

बनावट कागदांवर मुलं परदेशी नेल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात येत. आपला फोटो कितव्या पानावर येईल याचा विचार करतच मी जीपमध्ये बसले.

बाई तिशी ओलांडलेली. माहेर नेसरीजवळ. नवरा वारल्यावर लहान मुलीला घेऊन अमेरिकेत गेली, तिथं नर्स. ठाण्यात आणून बाकावर बसवलं तरी मुलीचं मनगट तिनं सोडलं नव्हतं. मला तेही संशयास्पद वाटलं.

"यातला खरा पासपोर्ट कुठला?"

"दोन्ही खरं हायत, मॅडम."

"दोन्ही खरे कसे असतील?"

"मी वर्षापूर्वी तिकडची नागरिक झाले. शपथ घेतली. ही अल्पवयीन, माझ्याजवळच राहती, म्हणून तिकडच्या कायद्यानं हीबी झाली. आपोआप. मलाच म्हाईत नव्हतं. ही आली जुन्याच पासपोर्टवर. तो संपत आला म्हणून परवा मुंबईत त्यांच्या वकिलातीत विचारलं, तवा कळलं. त्यांनी हा नवा दिला."

"आपोआप?" मी टेबलावर हात आपटला. "बाई, आपोआप दूध नासतं. देश बदलत नाही. हिचा अर्ज कुठाय? हिची शपथ कुठाय?"

"पोरांना शपथ लागत न्हाय. तेच सांगतीया न्हवं मी."

ठाणे अंमलदार हवालदारांनी डायरीतून मान वर न काढता शेरा मारला, "मॅडम, आपल्यात आपोआप फकस्त बदली हुती."

मी हसले. बाई हसली नाही. म्हणाली, "शनिवारी मुंबईतनं विमान हाय. सोमवारी मला कामावर उभं राहायचंय. हिला इथं ठिऊन मी कशी जाऊ?"

खोटं बोलणारा तपशील फार देतो, हा माझा लाडका ठोकताळा होता. ही तारीख-वार सगळं सांगत होती, म्हणून मला जास्तच खोटी वाटली. खरं बोलणाऱ्यालाही तारखा पाठ असतात, विशेषतः विमान शनिवारी असेल तर, हे मला सुचलं नाही.

मग मुलीला वेगळं बसवून विचारलं.

"तू कुठली गं?"

"नेसरीची."

"मग अमेरिकेत कोण राहतं?"

"मीच की."

मी लिहून घेतलं: उत्तरे विसंगत.

दोन पंच बोलावले आणि दोन्ही पासपोर्ट मुद्देमालात जमा केले. बाईची प्लॅस्टिकची फाईल वरवर चाळून परत दिली. उद्या पुरावे घेऊन या म्हणाले. जाताना ती दारात थांबली, काहीतरी बोलणार होती. मी दुसऱ्या कागदात डोकं घातलं.

गुरुवारी सकाळी बाईचे वडील पहिल्या एस.टी.ने आले. मुलगी आणि नात मागं उभ्या. माझी सगळी बोलणी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले,

"बाईसाहेब, एक सांगू का? छप्पन साली माझ्या बापानं दीक्षा घेतली. मी धा वर्साचा, त्येच्या मागं हुबा. मला कुणी इचारलं न्हाय, माझी सही घेतली न्हाय. बाप बौद्ध झाला, मीबी झालो. शाळंच्या दाखल्यावर मात्र जुनी जात तशीच. पुढं नोकरीला गेलतो, तर सायेब म्हणतोय, ह्या दोन कागदांतला खरा कोण? म्हटलं, दोन्ही मीच. आदी त्यो हुतो, आता ह्यो हाय. कागूद मागं ऱ्हायला, त्यात माझा काय गुन्हा?"

हवालदारांचं पेन थांबलं.  उत्तर सुचलं नाही की पोलीस कागद मागतो. मी म्हणाले, "ती फाईल द्या जरा."

या वेळी तळापासून वाचायला घेतली. तळाशी वकिलातीचं पत्र होतं आणि त्याला टाचलेला एक अर्ज. पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या परकीय नागरिक नोंदणी कक्षाला, बुधवारच्याच तारखेचा. मुलीचे दोन्ही पासपोर्ट सोबत आणले आहेत, भारतीय पासपोर्ट परत करायचा आहे, मुलीला देश सोडण्याची परवानगी मिळावी. म्हणजे जी गोष्ट मी 'शोधून काढली', ती सांगायला बाई स्वतःच पोलिसांकडे निघाली होती. एजंटाकडे फक्त तिकिटाचं विचारायला थांबली होती.

मी त्या कक्षाला फोन लावला. तिथले कारकून म्हणाले, "अर्ज बरोबर आहे, मॅडम. दोन देशांचं नागरिकत्व आपल्याकडं चालत नाही. पोरगी आता आपल्या लेखी परदेशी. व्हिसा नाही, म्हणून जायची परवानगी इथून घ्यायची. फक्त मूळ पासपोर्ट पाहिजेत. कुठायत?"

"माझ्या मुद्देमालात."

'मुद्देमालात,' असं त्यांनी स्वतःशीच म्हटलं. मग, "का?"

हातात एकच दिवस, शुक्रवार. मुद्देमाल सोडायचा तर कारण लिहावं लागतं. हवालदार कानाशी येऊन म्हणाले, "'चौकशीअंती परत' लिवा की. कुणाचं काय जातंय?" पण वर लगेच विचारणार, कसली चौकशी? उत्तर येईपर्यंत फाईल पडून राहणार आणि विमान उडून जाणार. बाई समोर बसून माझ्या पेनाकडे बघत होती. मी लिहिलं: 'सोबतचा अर्ज न वाचता माझ्याकडून जप्ती झाली. संबंधितांचा कोणताही दोष नाही.' खाली सही केली. तो कागद माझ्या सेवापुस्तकापर्यंत जाणार हे मला माहीत होतं.

शुक्रवारी आम्ही सगळे त्या कक्षाबाहेरच्या बाकावर. अकरा वाजले, एक वाजला, साहेब मीटिंगमध्ये. आज्यानं भाकरीचं गाठोडं सोडलं, कुणी तुकडा मोडला नाही. चारला साहेबांनी मला आत बोलावलं. त्यांच्यासमोर माझा कालचा कागद होता.

"ही सही तुमचीच?"

"हो, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि मुलीच्या परवानगीवर शिक्का मारला.

मला नंतर मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता. बाप किंवा आई देश बदलते, लेकरू न विचारता तिकडं ओढलं जातं, आणि त्याचे कागद मागून रखडत येतात. त्या मधल्या जागेत गुन्हेगार फार थोडे सापडतात. घाबरलेल्या आया पुष्कळ सापडतात. तेव्हापासून कुणाचीही फाईल मी शेवटच्या पानापासून वाचते आणि दारात थांबलेल्या माणसाला "काय म्हणायचंय?" असं विचारते.

त्या शुक्रवारी बाहेर आले तेव्हा बाई जिन्यात बसून कागद नीट लावत होती. परवानगीचा कागद मुलीच्या हातात होता. तिच्या नावापुढे 'परकीय नागरिक' असं लिहिलं होतं. तिनं ते एकेक अक्षर लावून वाचलं, दोनदा. मग माझ्याजवळ आली आणि आई-आज्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"मॅडम, म्हंजे आता आज्याच्या घरी यायचं असलं, की मला पोलिसांना विचारायला लागणार व्हय?"